तान्हेपणी आरएसव्ही होऊन गेला, तर पुढे दमा होतोच का?

उमलती (पुणे)

नमस्कार. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. पावसाळा सरता सरता तिला आधी साधी सर्दी झाली, मग खोकला वाढून छाती घरघरू लागली आणि दूध ओढता ओढता तिला धाप लागू लागली. रुग्णालयात नाकातील स्वॅब तपासल्यावर आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हा श्वसनमार्गाचा विषाणू निघाला. कागदांवर निदान ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज, असे आहे. नाकाशी नळी लावून ऑक्सिजन दिला, नाक वारंवार साफ केले, प्रतिजैविके दिली नाहीत, आणि ती सावरून घरी आली. आता ती खेळते, अंगही धरू लागली आहे, परंतु जरा सर्दी झाली की श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज पुन्हा येतो.

घरात यावर दोन मते आहेत. सासूबाईंना वाटते की लहानपणी असे एखादे दुखणे निघून गेले की मूल काटक होते, त्याची प्रतिकारशक्ती तयार होते. माझ्या वाचनात मात्र असे आले की तान्हेपणी आरएसव्हीमुळे रुग्णालयात राहावे लागलेल्या मुलांना पुढे दमा होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. माझ्या धाकट्या दिरांना बाळदमा होता, त्यामुळे ही भीती घरात नवी नाही. या विषाणूने तिच्या फुप्फुसांचे कायमचे नुकसान केले आहे का, की तिच्यात मुळातच काही नाजूकपणा होता आणि तो या निमित्ताने दिसला? आणि आता आमच्या हाती काय आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वैद्यक_नाशिक

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला न तपासता तिच्याविषयी निश्चित काही सांगणे योग्य होणार नाही, म्हणून या आजाराविषयी लिहितो.

दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्ही एकदा तरी गाठतो. बहुतेकांची गोष्ट सर्दीखोकल्यावर थांबते. काही मुलांत मात्र, विशेषतः सहा महिन्यांच्या आतील बाळांत, विषाणू सर्वांत बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरतो. तिथल्या अस्तरावरच्या, कफ वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी गळून पडतात, त्या आणि घट्ट कफ मिळून नलिका बुजवतात आणि भिंतीला सूज येते. मोठ्या माणसाच्या नलिकेत एवढ्या सुजेने फारसे बिघडत नाही, पण बाळाची नलिका मुळातच अरुंद असते, आणि नलिकेची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुपटीने नव्हे तर सुमारे सोळा पटींनी वाढतो. बाळ दूध सोडते, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ते यामुळे. यावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, कारण ती जिवाणूंवर चालतात. वाफारा, स्टिरॉइड किंवा श्वासनलिका मोकळ्या करणारे सालब्युटामॉल सरसकट देण्यानेही या वयात फरक पडत नाही, असेच अभ्यासांतून पुढे आले आहे. तुमच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन, नाकाची सफाई आणि दूधपाणी यांवर भर दिला, ते अगदी बरोबर केले.

आता पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजाविषयी. अस्तर पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्यानंतरही अनेक मुलांना पुढची दोन-तीन वर्षे प्रत्येक सर्दीबरोबर छातीत शिट्टी वाजते. यातील मोठा गट शाळेत जाण्याच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतो. जन्मानंतर फुप्फुसे नुसती मोठी होत नाहीत, वायुकोशांची बहुतांश संख्या जन्मानंतरच तयार होते, त्यामुळे या वयातील फुप्फुसाला सुधारण्याची मुभा असते. उलट बाजूने पाहिले तर बांधणी चालू असतानाच इजा होते, म्हणून काळजीही याच वयात अधिक घ्यायची.

घरी एक गोष्ट शिकून ठेवा. बाळ शांत किंवा झोपलेले असताना झबले वर करून छातीपोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण बाळाचा श्वास मधूनच थांबतो आणि मधूनच घाईने चालतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूधच घेत नसेल, तर मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

दक्षिणवारा

मी बालपणीच्या श्वसनविकारांवरील दीर्घकालीन अभ्यासांच्या सांख्यिकीचे काम करतो. तुमच्या प्रश्नातील "विषाणूने नुकसान केले, की मुळातला नाजूकपणा दिसला" हे वाक्य म्हणजे या क्षेत्रातील गेल्या चाळीसएक वर्षांचा मुख्य वाद आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही जे वाचले त्यामागे बहुधा स्वीडनमधील बोरोस येथील अभ्यास असावा. आरएसव्हीच्या ब्रॉन्किओलायटिसमुळे रुग्णालयात राहिलेली ४७ बाळे आणि तुलनेसाठी ९३ इतर बाळे यांचा पाठपुरावा तिथे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत केला गेला. अठराव्या वर्षी पहिल्या गटात ३९ टक्के तरुणांना दमा होता किंवा त्यांची छाती वारंवार वाजत होती, दुसऱ्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. फरक मोठा आहे, पण यावरून विषाणूने दमा दिला असे म्हणता येत नाही. विषाणू जवळजवळ सर्वांनाच होतो आणि रुग्णालयात फार थोडी मुले पोहोचतात. म्हणजे ही ४७ मुले पहिल्यापासूनच वेगळी असण्याची शक्यता राहतेच.

अमेरिकेत ॲरिझोनातील टुसॉन येथे १९८० पासून १,२४६ नवजात बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यातील काही बाळांची फुप्फुसक्षमता छातीचा एकही आजार होण्यापूर्वी मोजून ठेवलेली होती, आणि अभ्यासाचे खरे मोल मला त्यातच वाटते. पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजली पण पुढे थांबली, त्यांच्या श्वासनलिका आजारापूर्वीच तुलनेने अरुंद होत्या, असे त्यातून दिसले. आरएसव्ही झालेल्या मुलांतील छाती वाजण्याचे जास्तीचे प्रमाणही वयाबरोबर कमी होत गेले आणि तेराव्या वर्षापर्यंत लक्षणीय राहिले नाही. डेन्मार्कमध्ये जुळ्यांच्या आठ हजारांहून अधिक जोड्यांची नोंद तपासली गेली. तिथे "आरएसव्हीमुळे दमा" या मांडणीपेक्षा "दम्याकडे कल असलेल्या मुलालाच आरएसव्ही जास्त छळतो" ही मांडणी आकड्यांशी अधिक जुळली. एकाच बीजापासूनच्या ज्या जुळ्यांतील एकच भावंड आरएसव्हीमुळे रुग्णालयात गेले होते, अशा ३७ जोड्या नंतर तपासल्या, तेव्हा दोन्ही भावंडांत दमा किंवा फुप्फुसक्षमता यांचा फरक आढळला नाही.

इथवर वाचून विषाणू निर्दोष वाटेल, पण तसेही नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात निरोगी, पूर्ण दिवसांच्या १,९४६ बालकांचा अभ्यास झाला. त्यात आजारी पडलेली बाळेच तेवढी निवडली नव्हती. पहिल्या वर्षात कोणाला संसर्ग झाला आणि कोणाला नाही हे नाकातील नमुने व रक्तातील प्रतिपिंड यांवरून ठरवले होते. पाचव्या वर्षी संसर्ग झालेल्यांपैकी २१ टक्के मुलांना दमा होता आणि पहिले वर्ष संसर्गाविना गेलेल्यांपैकी १६ टक्के. फरक बोरोसपेक्षा पुष्कळ लहान आहे, पण निवडीचा दोष इथे बराच कमी असल्यामुळे मी त्याला जास्त वजन देतो.

खरा निवाडा करायचा तर विषाणू अडवून पाहावे लागते. नेदरलँड्समध्ये थोड्या आधी जन्मलेल्या ४२९ बाळांपैकी निम्म्यांना आरएसव्हीविरुद्ध तयार प्रतिपिंडांची इंजेक्शने दिली गेली. पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी घटले. सहाव्या वर्षी पालकांनी सांगितलेला दमा कमी होता, परंतु मुलांची फुप्फुसक्षमता मोजली तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. दुसरीकडे, अमेरिकेतील नॅव्हाहो व अपाची समाजांतील पूर्ण दिवसांच्या बाळांना असेच प्रतिपिंड दिल्यावर आरएसव्हीमुळे रुग्णालयात जाण्याचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले, आणि तरीही एक ते तीन वर्षे वयातील छाती वाजण्यात फरक पडला नाही.

माझे मत असे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण समान प्रमाणात नाहीत. मुळातील अरुंद नलिका आणि ॲलर्जीकडे झुकणारी प्रकृती यांचा वाटा मोठा, विषाणूचा स्वतःचा वाटा लहान पण शून्य नाही, आणि मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांत तो बहुधा जास्त.

सर्दीचा सर्वांत सामान्य विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, याचीही माहिती ठेवावी. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे, ज्यांच्या आईला किंवा वडिलांना दमा वा ॲलर्जी होती अशा २८९ मुलांचा अभ्यास झाला. त्यात पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसमुळे छाती वाजणाऱ्यांत सहाव्या वर्षी दम्याची शक्यता सुमारे दहापट होती, तर आरएसव्हीमुळे वाजणाऱ्यांत अडीचपटीच्या आसपास. त्याच मुलांमध्ये असेही दिसले की ॲलर्जीची संवेदनशीलता आधी येते आणि ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजणे नंतर.

तुमच्या मुलीपुरते पाहायचे तर टुसॉनच्या अभ्यासातून आलेला एक अंदाज डॉक्टर वापरतात. पहिल्या तीन वर्षांत वारंवार छाती वाजणाऱ्या मुलाच्या आईला वा वडिलांना दमा आहे का, आणि मुलाला स्वतःला एक्झिमा, म्हणजे अंगावर खाजरे कोरडे चट्टे आहेत का, हे दोन मोठे प्रश्न. ॲलर्जीची सर्दी, सर्दीवाचून छाती वाजणे आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींचे प्रमाण हे दुय्यम. काकांचा बाळदमा या अंदाजात धरलेला नाही. या प्रश्नांची उत्तरे "नाही" अशी असतील, तर शाळेच्या वयात दमा नसण्याचीच शक्यता बरीच मोठी असते.

उमलती (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. मला आणि तिच्या बाबांना दमा नाही, तिच्या अंगावर चट्टेही नाहीत, त्यामुळे बराच धीर आला. परंतु सासूबाईंच्या म्हणण्याचे काय? संसर्गाने प्रतिकारशक्ती घडते, हे पूर्ण चूक आहे का? आणखी दोन गोष्टी विचारते. आंघोळीनंतर तिला ओवा, वावडिंग आणि सुक्या खोबऱ्याची धुरी देण्याचा आमच्याकडे रिवाज आहे. ती चालू ठेवावी का? आणि माझी रजा संपल्यावर तिला पाळणाघरात ठेवावे लागेल, त्याचीही धास्ती वाटते.

दक्षिणवारा

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणी लागू पडते. १९८९ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड स्ट्रॅकन यांनी सतरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून दाखवले की थोरली भावंडे जितकी जास्त, तितके ॲलर्जीच्या सर्दीचे प्रमाण कमी. पुढे अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. दोघांचे मूळ युरोपात, वंश जवळचा, राहणी साधी. पण आमिशांची लहान मुले गोठ्याच्या सान्निध्यात वाढतात आणि हटराइटांची शेती यांत्रिक व घरांपासून दूर असते. आमिश मुलांत दमा खूपच कमी आढळला, आणि त्यांच्या घरातील धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी अधिक होते. टुसॉनमध्येही, लवकर पाळणाघरात गेलेल्या मुलांची छाती सुरुवातीला जास्त वाजली, पण शाळेच्या वयात त्यांच्यात दमा कमी दिसला.

यावरून नाना प्रकारच्या सूक्ष्मजीवांच्या सौम्य सहवासाचा लाभ होतो, इतके म्हणता येते. फुप्फुसात खोल उतरलेला गंभीर विषाणुसंसर्ग ही वेगळी बाब आहे. नवजात बाळाची प्रतिकारयंत्रणा अर्धवट नसते, तिचा कल वेगळा असतो. गर्भात आईच्या शरीराशी जमवून घ्यायचे असल्याने ती दाहाला आवर घालणारी असते, विषाणू रोखणाऱ्या इंटरफेरॉनचा प्रतिसाद तुलनेने सौम्य असतो, आणि ॲलर्जीत दिसणाऱ्या प्रतिसादाकडे ती सहज झुकते. वारेतून मिळालेले आईचे प्रतिपिंड पहिले काही महिने पुरतात आणि ओसरत जातात. अशा काळात नलिकांचे अस्तर दुखावले की त्यातून सुटणारे धोक्याचे संदेश हा झुकाव आणखी वाढवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसते. शिवाय आरएसव्ही एकदा होऊन टिकाऊ संरक्षण मिळत नाही. तो पुन्हा पुन्हा होतो, फक्त पुढच्या खेपा बहुधा सौम्य असतात.

प्रतिकारयंत्रणेला चुकीचे शिकवले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण याच विषाणूच्या इतिहासात आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन पाहिली गेली. एका चाचणीत लस घेतलेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना नंतर नैसर्गिक संसर्ग झाला, त्यातील १६ रुग्णालयात गेली आणि दोन दगावली. तुलनेच्या गटात संसर्ग झालेल्या २१ पैकी केवळ एकाला दाखल करावे लागले होते. विषाणूला खऱ्या अर्थाने न रोखणारे प्रतिपिंड आणि ॲलर्जीच्या वळणाचा दाह, असे त्या लसीने शिकवले होते. या आघाताने आरएसव्हीच्या लसीचे काम कित्येक दशके मागे पडले. २०१३ मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरील एफ प्रथिनाचा, पेशीत शिरण्यापूर्वीचा आकार स्थिर करण्यात यश आले, तेव्हा कोठे वाट सापडली. गरोदरपणात आईला द्यायची लस २०२३ मध्ये अमेरिका व युरोपात मान्य झाली. बाळाला द्यायचा दीर्घकाळ टिकणारा प्रतिपिंड, निर्सेव्हिमॅब, युरोपात २०२२ मध्ये आला. ब्रिटन, फ्रान्स व जर्मनीतील मोठ्या चाचणीत त्याने आरएसव्हीमुळे दाखल होण्याचे प्रमाण ८३ टक्क्यांनी कमी केले. या बाळांची फुप्फुसे दहा-पंधरा वर्षांनी कशी आहेत हे कळेल, तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे आजच्यापेक्षा कितीतरी पक्के उत्तर मिळेल.

रानवाट (अमरावती)

चर्चा उत्तम चालली आहे, पण तिचा सगळा भर दम्यावर आहे, हे मला खटकते. मी अमरावती जिल्ह्यात ग्रामीण आरोग्याचे काम करते. २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले आरएसव्हीमुळे दगावली, त्यांतील जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली, आणि ९७ टक्के मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले, असा अंदाज आहे. मेळघाटातील ९३ आदिवासी गावांत घरोघरी जाऊन या विषाणूचा शोध घेतला गेला आहे, आणि तशा अभ्यासाची गरज होतीच, कारण जे मूल रुग्णालयात पोहोचतच नाही ते रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही. विषाणूमुळे पुढे दमा होतो की नाही, हा वाद सुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिल्या सहा महिन्यांतील संरक्षण आजच्या मृत्यूंसाठीच हवे आहे.

वैद्यकांनी श्वास मोजण्याचे सांगितले, त्याला आपल्याच मातीतला आधार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्यांनी उपचार करायला शिकवले. ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवायची साधी चौकट आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले होते. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हे काम झालेल्या गावांत न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

पुढच्या आयुष्याचा विचार करायचाच तर दम्याच्याही पलीकडे पाहावे. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. दोन वर्षांच्या आत छातीचा संसर्ग झालेल्यांत, २६ ते ७३ या वयांत श्वसनविकाराने अकाली मृत्यू येण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. बालपणीची गरिबी, घरातील दाटी आणि पुढचे धूम्रपान जमेस धरूनही हा संबंध टिकला. उमलतीताई, घाबरू नका. दुप्पट म्हणजे शंभरात साधारण एकाऐवजी दोन, आणि ती बाळे युद्धानंतरच्या टंचाईतली, कोळशाच्या धुरातली होती. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार, असलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांची फुप्फुसे तरुणपणीच अपुरी वाढलेली असतात, हे २०१५ मधील एका मोठ्या विश्लेषणातून पुढे आले. आपल्याकडे चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांना हा आजार होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये याविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, तेव्हा चुलीच्या धुराबरोबर बालपणीचे छातीचे संसर्गही कारणांत होते.

म्हणून धुरीबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे: बंद करा. शेगडीतील निखाऱ्यावर ओवा टाकून, टोपलीखाली किंवा पदराआड बाळाला धरण्याची पद्धत मी घरोघरी पाहते. त्यामागची माया खरी आहे, पण निखाऱ्याचा धूर बाळाच्या नाकातोंडाच्या अगदी जवळ साठतो. ऊब हवी असेल तर कोरड्या टॉवेलने पुसून लगेच कपडे घाला आणि कुशीत घ्या. डासांची कॉइलही खोलीत नको. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे मोजले गेले आहे. मच्छरदाणी लावा.

वैद्यक_नाशिक

धुरीबाबत पूर्ण सहमत. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर गच्चीत जाऊन ओढणेही पुरेसे नाही, कारण धुराचे कण कपड्यांवर घरात येतात.

पाळणाघराविषयी सांगतो. शक्य असेल तर हा पावसाळी हंगाम ओलांडून, ती वर्षाची झाल्यावर पाठवा. नलिका तेवढ्या मोठ्या झालेल्या असतात. रजा वाढत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका, पण पाळणाघर निवडताना तिथे एका खोलीत किती मुले असतात, खिडक्या उघड्या असतात का, ताप असलेल्या मुलाला घरी पाठवतात का आणि सांभाळणाऱ्या ताई नाक पुसल्यावर हात धुतात का, हे स्वतः थोडा वेळ तिथे बसून पाहा. अंगावरचे दूध चालू असेल तर चालू ठेवा. न्यूमोकोकल या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूविरुद्धची लस सरकारी कार्यक्रमात आहे, तिचे डोस वेळेवर झाले आहेत का ते कार्डावर तपासा. इन्फ्लुएन्झाची लस सहा महिन्यांनंतर देता येते. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. दोन्ही डोस पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवेत, म्हणून एप्रिलमध्येच तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि त्याच भेटीत तिला तपासताना सर्दी नसतानाही छाती वाजते का, हे आवर्जून सांगा.